नव्या कोचचा पहिला हंगाम

सिल्वासात कॉलेजचा फुटबॉल हंगाम सुरू होतो तो ॲडमिशनच्या यादीपासून. जुलैत वर्ग भरतात, नोटीस बोर्डावर निवड चाचणीचा कागद लागतो, आणि तोवर दमणगंगेच्या खोऱ्यात पावसाने असा जोर धरलेला असतो की गोलपोस्टपुढच्या जागेत घोटाभर पाणी साचतं. खानवेल, दुधनी, रांधा, नरोलीकडची मुलं बसने येतात. कुणी वारली, कुणी कोकणा, कुणी धोडिया, कुणाचे वडील पिपरियाच्या नाहीतर मसाटच्या कारखान्यात पाळीवर. संघात मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली अशा चार बोली एकदम चालतात. या मुलांतून अकरा निवडायचे, सात-आठ राखीव ठेवायचे आणि पाऊस ओसरतो न ओसरतो तोच आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना उतरायचं. नव्या कोचच्या हाती जेमतेम दोन-अडीच महिने, आणि त्यातले बहुतेक दिवस चिखलाचे.

शिवाय आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत कोच म्हणजे क्रीडा विभागाचे सर. त्यांच्याकडे फुटबॉलबरोबर कबड्डी असते, खो-खो असतो, ॲथलेटिक्स असतं, वार्षिक क्रीडा महोत्सवाची पावत्यांची फाइलही असते. क्वचित बाहेरून एखादा जुना खेळाडू मानधनावर येतो. नवे सर आले की पहिल्या आठवड्यात मुलं खूश असतात. पहिल्या दोन पराभवांनंतर कुजबुज सुरू होते, आणि हंगाम संपेपर्यंत कुणीतरी प्राचार्यांच्या कानावर घालतं की जुने सरच बरे होते. ही घाई मला अन्यायाची वाटते. कोच पहिल्या हंगामात काय बदलू शकतो आणि काय त्याच्या हातात नसतं, हे ओळखता येतं. एकदा ते कळलं की संघाकडे बघण्याची नजरच बदलते.

थोडक्यात सांगायचं तर नव्या कोचला दोनच गोष्टी लवकर साधतात: माणसं निवडणं, आणि चेंडू आपल्याकडे नसतानाचा खेळ बसवणं. चेंडू पायाशी असतानाचा खेळ वेळ मागतो, आणि वेळ ही एकच गोष्ट पहिल्या हंगामात नसते. हे पटवून द्यायला भारतीय फुटबॉलमधला एक हंगाम पुरेसा आहे, आणि तो ज्याने घडवला तो मुंबईच्या मैदानांत वाढलेला कोच आहे.

खालिद जमील यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. पण त्यांचं फुटबॉलचं सगळं आयुष्य मुंबईचं. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी या संघांकडून ते मिडफिल्डर म्हणून खेळले, भारताकडूनही खेळले. दुखापतींनी खेळणं आटोपलं आणि २००९ साली, वयाच्या बत्तिशीत, त्यांच्याकडे मुंबई एफसीचंच प्रशिक्षकपद आलं. तिथे ते सात वर्षं राहिले. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये इतका काळ एका जागी टिकणारा कोच दुर्मीळच. मुंबई एफसीकडे पैसा बेताचा, खेळाडू बेताचे. संघाने आय-लीग ही राष्ट्रीय लीग कधी जिंकली नाही, पण खालिद यांच्या काळात दरवर्षी तळाला जाण्यापासून तो वाचत राहिला. कमी साधनांत गुण कसे गोळा करायचे याची ही सात वर्षांची शाळा होती. २०१६ मध्ये ती संपली आणि पुढच्या हंगामासाठी मिझोरमच्या ऐझॉल एफसीने त्यांना बोलावलं.

ऐझॉलची अवस्था त्या वेळी विचित्र होती. २०१५-१६ हा त्यांचा आय-लीगमधला पहिला हंगाम, आणि त्यातच नऊ संघांत आठवा क्रमांक लागून ते खालच्या श्रेणीत ढकलले गेले. मग गोव्यात एक घटना घडली. भारतीय फुटबॉलच्या नव्या आराखड्यात आय-लीगला दुय्यम स्थान मिळणार असं दिसताच साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तीन नावाजलेल्या क्लबांनी माघार घेतली. जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत वर घेतलं गेलं. गोव्याच्या मैदानांचं ते मोठं नुकसान होतं, मला त्याची आजही हळहळ वाटते. पण त्या निर्णयाशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं.

म्हणजे नव्या कोचला मिळालेला संघ असा: नुकताच खाली गेलेला, दुसऱ्याच्या माघारीमुळे परत आलेला, आणि हंगाम जानेवारीत सुरू होणार म्हणून तयारीला फार थोडा वेळ असलेला. अशा वेळी खालिद यांनी पहिली गोष्ट केली ती माणसांची. मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेले बचावपटू आशुतोष मेहता आणि मुंबईकर जयेश राणे ऐझॉलला आले. गोलमध्ये गोव्याचा आल्बिनो गोम्स आला. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-आमना, पुढे आयव्हरी कोस्टचा कामो बायी. आणि भोवती मिझोरमची पोरं: पळण्यात कुणाला न हटणारी, लहानपणापासून एकमेकांबरोबर खेळलेली, पण मोठ्या सामन्यात शेवटची वीस मिनिटं शांत राहण्याची सवय नसलेली.

ओळखीचे दोन-तीन खेळाडू बरोबर आणण्यात मोठा अर्थ आहे. कोचच्या सूचना म्हणजे बहुतेक वेळा दोन शब्दांचे इशारे असतात. 'आत ये', 'थांब', 'मागचा बघ'. ज्याने त्या माणसाकडे दोन-तीन वर्षं सराव केलाय त्याला या दोन शब्दांमागचा सगळा नकाशा ठाऊक असतो. बाकीच्यांना तो शिकवावा लागतो. मैदानावर असे दोघे-तिघे असले की कोचचं म्हणणं बाहेरून आत पोचायला नव्वद मिनिटांत वेळ लागत नाही. आतलेच ते शेजाऱ्याला सांगत राहतात. आशुतोष मेहता बचावात आणि जयेश राणे पुढच्या भागात, म्हणजे संघाच्या दोन्ही टोकांना कोचची भाषा कळणारा एकेक माणूस होता.

७ जानेवारी २०१७ ला पहिला सामना कोलकात्याजवळ बारासातला, समोर ईस्ट बंगाल. १-१ बरोबरी. तिथून पुढे ऐझॉलने १८ सामन्यांत ११ जिंकले, ४ बरोबरीत सोडवले, ३ हरले. गोल केले फक्त २४, खाल्ले १५. हे २४ लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ईस्ट बंगाल आणि बंगळुरू यांनी त्या हंगामात याहून जास्त गोल केले आणि ते मागे राहिले. ऐझॉलचा हंगाम एका गोलाच्या विजयांवर उभा होता. दोन बाजूंची पळापळ, मधे घट्ट उभी फळी, आणि समोरचा थकला की एक धारदार हल्ला.

२२ एप्रिलला ऐझॉलच्या मैदानावर मोहन बागान आले. तोवर दोन्ही संघांचे गुण सारखे होते. ऐंशी मिनिटं उलटून गेली तरी गोल नव्हता. मग ८३ व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्ते या बचावपटूने हेडर मारून चेंडू जाळ्यात घातला आणि ऐझॉल तीन गुणांनी पुढे गेलं. आठ दिवसांनी, ३० एप्रिलला, शिलाँगमध्ये तिथल्या लाजाँग संघाविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. नवव्याच मिनिटाला दिपांदा डिकाने लाजाँगला आघाडी मिळवून दिली. तिकडे कोलकात्यात मोहन बागान आपला सामना जिंकण्याच्या तयारीत. पहिल्या अर्ध्यात उत्तर सापडलं नाही. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि मग उरलेली वीस-पंचवीस मिनिटं ऐझॉलने धरून ठेवली. ३७ गुण ऐझॉलचे, ३६ मोहन बागानचे. ईशान्य भारतातला क्लब पहिल्यांदाच राष्ट्रीय लीगचा विजेता झाला.

आता त्याच हंगामात मुंबईत, कूपरेजच्या मैदानावर काय चाललं होतं ते पाहू. मुंबई एफसीने संतोष कश्यप यांच्याबरोबर सुरुवात केली. निकाल बिघडत गेले, मार्चमध्ये कोच बदलला आणि स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले. तरीही संघ तळालाच राहिला आणि खालच्या श्रेणीत गेला. ज्या माणसाने सात वर्षं हाच धोका टाळला तो त्या वेळी दोन-अडीच हजार किलोमीटरवर विजेतेपदाच्या शर्यतीत होता. ब्रुझोन वाईट कोच नव्हते. पुढे बांगलादेशात बसुंधरा किंग्जबरोबर त्यांनी ओळीने लीग जिंकल्या. हंगामाच्या मध्यात आलेल्या माणसाला मात्र निवडीची खिडकी बंद झालेली असते आणि सरावाच्या जागी सामन्यामागून सामने असतात. माणसं बदलता येत नाहीत, घडवायला दिवस नाहीत. वर म्हटलेल्या दोन गोष्टींपैकी एकही त्याच्या हाती उरत नाही.

कोच बदलला की संघ सुधारतो, हा समज जगभर आहे. नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी डच लीगच्या १९८६ ते २००४ या काळातले सामने तपासले आणि एक साधी तुलना केली. सलग हरणाऱ्या, कोच बदललेल्या संघांचं पुढे काय झालं? ते सुधारले. मग तशीच सलग हार झालेल्या, पण कोच न बदललेल्या संघांचं काय झालं? तेही सुधारले, जवळपास तेवढेच. चार-पाच सामने ओळीने हरणं हे बहुधा संघाच्या खऱ्या पातळीपेक्षा खालचं असतं. त्यात दुखापती असतात, पोस्टला लागून परतलेले चेंडू असतात, कठीण प्रतिस्पर्धी एकापाठोपाठ आलेले असतात. दिवस फिरले की संघ आपल्या पातळीला परत येतो आणि नेमका तेव्हाच नवा कोच बाकावर बसलेला असल्यामुळे श्रेय त्याला जातं. उलटही होतं. चांगल्या नशिबाच्या वर्षानंतर आलेल्या कोचवर दोष येतो, केवळ नशीब सरासरीला आलं म्हणून. कॉलेजच्या कमिटीत बसणाऱ्यांनी हे एकदा तरी वाचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मग खालिद यांच्या हंगामात नशीब नव्हतं का? होतं. १८ सामन्यांच्या लीगमध्ये एका गुणाचा फरक नशिबाशिवाय पडत नाही. पण २४ गोल करून विजेता व्हायला आधी भक्कम बचाव लागतो, आणि बचाव हा फुटबॉलमधला सगळ्यात लवकर शिकवता येणारा भाग आहे.

याचं कारण असं. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना माझ्या जागेचा निर्णय तीन खुणांवरून होतो: चेंडू कुठे आहे, माझा शेजारी कुठे आहे, आपला गोल कुठे आहे. तिन्ही गोष्टी डोळ्याला दिसतात. चार बचावपटू आणि त्यांच्या पुढचे चार मिडफिल्डर यांच्यात दहा-बारा मीटरचं अंतर ठेवायचं, चेंडू उजवीकडे गेला की आठही जणांनी उजवीकडे सरकायचं, समोरच्याने मागे पास दिला की ओळ दोन पावलं वर चढवायची. यासाठी असामान्य पाय लागत नाहीत. मान फिरवत राहण्याची सवय आणि शेजाऱ्याला ओरडून सांगण्याची लाज सोडणं लागतं. सरावात कोच चौघांच्या कमरेला एकच दोरी बांधतो आणि चेंडू हाताने इकडून तिकडे नेतो. एकजण उशिरा हलला की दोरी ताणली जाते आणि चौघांनाही कळतं. नवख्या मुलांचं सरकणं अशा पंधरवड्याभराच्या सरावाने डोळ्यांना जाणवेल इतकं सुधारतं. मग दोरी सोडायची आणि मधेच शिट्टी वाजवून सगळ्यांना जागच्या जागी उभं करायचं: बघा, तुमच्या दोघांच्या मधून अख्खी बस जाईल.

इटलीत आरिगो साकी यांनी हेच टोकाला नेलं. स्वतः व्यावसायिक फुटबॉल कधी न खेळलेला हा माणूस १९८७ मध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या पार्मातून थेट एसी मिलानचा कोच झाला. मोठे खेळाडू त्याला मानतील का, अशी शंका सगळ्यांना होती. साकी त्यांना चेंडूशिवाय मैदानभर हलवायचे. चेंडू इथे आहे असं समजा, आता तिथे आहे असं समजा. पुढे रुड गुलिट आणि मार्को फान बास्टेन यांच्यासमोर त्यांनी एक पैज मांडली: गोलकीपर आणि चार बचावपटू एका बाजूला, दहा खेळाडू दुसऱ्या बाजूला, पंधरा मिनिटं, एक गोल करून दाखवा. चेंडू गमावला की दहा जणांनी पुन्हा आपल्या अर्ध्यातून सुरुवात करायची, एवढाच नियम. दहा जणांना गोल करता आला नाही. साकी यांच्या पहिल्याच हंगामात, १९८७-८८ मध्ये, मिलानने लीग जिंकली आणि ३० सामन्यांत फक्त १४ गोल खाल्ले.

आक्रमणाचं गणित याच्या उलट आहे. पुढे धावणाऱ्याच्या कोणत्या पायात पास हवा, तो आत वळेल की बाहेर, त्याला चेंडू आधी हवा की जागा आधी, हे खुणांवरून दिसत नाही. ते सहवासाने कळतं. म्हणून नव्या कोचचे संघ पहिल्या हंगामात बहुधा कमी गोल खातात आणि कमी गोल करतात. प्रेक्षकांना खेळ कंटाळवाणा वाटतो. तो कंटाळा म्हणजे पाया भरला जात असल्याची खूण असते.

सहवास विकत आणता आला तर? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलने नेमकं हेच केलंय. तिथला फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, हाताने फेकायचा आणि अंगावर घ्यायचा खेळ. आपल्या फुटबॉलशी नातं नावापुरतं. पण कॉलेजचा संघ हा तिथे अख्ख्या राज्याच्या अभिमानाचा विषय असतो आणि मुख्य कोचचा पगार बहुतेकदा विद्यापीठाच्या अध्यक्षांपेक्षा मोठा असतो. ब्लूमिंग्टनचं इंडियाना विद्यापीठ बास्केटबॉलसाठी प्रसिद्ध, फुटबॉलमध्ये पिढ्यानपिढ्या हरणारं. २०२३ मध्ये त्यांनी ३ सामने जिंकले, ९ हरले. हंगाम संपताच कर्ट सिग्नेटी हे नवे कोच आले, जेम्स मॅडिसन या तुलनेने लहान विद्यापीठातून. आणि त्यांच्यामागोमाग जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू आले.

पूर्वी अमेरिकेत कॉलेज बदललं की खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०१८ मध्ये बदली मागणाऱ्या खेळाडूंची देशव्यापी नोंदयादी सुरू झाली, २०२१ मध्ये एका बदलीपुरती बाहेर बसण्याची अट गेली आणि २०२४ मध्ये ती मर्यादाही उठली. त्यामुळे नवा कोच आपला अर्धा संघ बरोबर घेऊन येऊ शकतो. इंडियानाने २०२४ मध्ये पहिले दहाच्या दहा सामने जिंकले. विद्यापीठाच्या इतिहासात एका हंगामात दहा विजय याआधी कधीच झाले नव्हते. हंगाम ११ विजय आणि २ पराभवांवर संपला, दुसरा पराभव राष्ट्रीय बाद फेरीत नोट्र डेमकडून. पुढच्या वर्षी त्यांनी ओहायो स्टेटला १३-१० असं हरवून आपल्या विभागाचं, बिग टेनचं, विजेतेपद घेतलं. खालिद यांनी दोघे नेले, सिग्नेटी यांनी तेरा, तत्त्व एकच.

सिल्वासाच्या सरांना यातलं काही मिळत नाही. मुलगा कॉलेज निवडतो ते बसचा मार्ग, फी आणि विषय बघून. सायलीचं एसएसआर कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे, म्हणजे तिथल्या चांगल्या खेळाडूची वाट आधी पुणे विद्यापीठाच्या संघाच्या निवडीतून आणि मग भारतीय विद्यापीठ महासंघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेतून जाते. निवड झाली तर महिनाभर तो कॉलेजबाहेर. आणि तीन वर्षं झाली की पदवी घेऊन कारखान्यात, नाहीतर वापीला, नाहीतर सुरतेला. कोचच्या हातून दरवर्षी संघाचा तिसरा हिस्सा आपोआप गळतो. क्लबच्या कोचला ही अडचण नसते.

म्हणून इथे निवड म्हणजे जागेची निवड. नवे सर निवड चाचणीत सगळ्यांना 'तू कुठे खेळतोस' असं विचारतात आणि वीसपैकी पंधरा मुलं 'फॉरवर्ड' म्हणतात, कारण गावच्या मैदानावर गोल करणाराच हिरो. त्या पंधरांतून दोन बॅक आणि एक बचावी मिडफिल्डर शोधणं, आणि त्यांना ते मनापासून आवडेल असं करणं, हे पहिल्या महिन्याचं सर्वांत मोठं काम. गाजलेला दाखला हवा असेल तर १९६२ च्या जकार्ता एशियाडचा घ्या. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक आणि भारताचे कोच. त्यांनी जर्नेल सिंग या पहाडासारख्या बचावपटूला अंतिम सामन्यात पुढे खेळवलं, त्याने गोल केला आणि भारताने दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण जिंकलं. पण रहीम हे करू शकले कारण तोवर त्यांना बारा वर्षं झाली होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ हरला होता. एवढ्या पराभवानंतर आजच्या कुठल्या कोचला ठेवलं असतं? रहीम राहिले. चार वर्षांनी मेलबर्नमध्ये मुंबईकडून खेळणाऱ्या, मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला.

पावसाचा प्रश्न वेगळाच. पाणी साचलेल्या मैदानावर जमिनीलगतचा पास मधेच अडतो. पासिंगचा खेळ बसवायचा म्हटलं तरी ऑगस्टमध्ये चेंडूच साथ देत नाही. अशा वेळी शहाणा कोच सरावाचा मोर्चा वळवतो तो थांबलेल्या चेंडूकडे. कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन. फुटबॉलमधले पाव ते एक तृतीयांश गोल अशा थांबलेल्या चेंडूवरून होतात, आणि त्यांचा सराव मैदानाच्या एका कोरड्या कोपऱ्यात, आठ मुलांतही होतो. कॉर्नरला जवळच्या पोस्टकडे कोण धावणार, गोलकीपरच्या पुढ्यात कोण उभं राहणार, बाहेर पडलेला चेंडू कोण उचलणार, आणि उलट हल्ला आलाच तर मागे कोण दोघे थांबणार, एवढं पाठ झालं तरी हंगामात दोन-तीन सामने फिरतात. थ्रो-इनला तर आपल्याकडे कुणी सरावच मानत नाही. एका सामन्यात ते चाळीस-पन्नास वेळा होतात. लिव्हरपूलसारख्या क्लबने २०१८ मध्ये थॉमस ग्रोनेमार्क नावाचा डेन्मार्कचा माणूस केवळ थ्रो-इन शिकवायला नेमला, तेव्हा टीव्हीवरच्या जुन्या खेळाडूंनी त्याची थट्टा केली. तो हंगाम संपताना लिव्हरपूल युरोपचा विजेता होता. श्रेय एकट्या थ्रो-इनचं नाही, हे उघड आहे. पण हात वापरण्याची परवानगी असलेला चेंडू दर वेळी प्रतिस्पर्ध्याच्या पायात द्यायचा नसेल तर त्याला वीस मिनिटांचा सराव पुरतो, आणि तो पावसातही होतो.

खालिद जमील यांचीच पुढची वाटचाल पाहिली तर ही पद्धत कुठे अडते तेही दिसतं. १ ऑगस्ट २०२५ ला त्यांची भारताच्या मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. महिन्याभरात मध्य आशियाई नेशन्स कपमध्ये भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ हरवलं आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ओमानला पेनल्टींवर मात दिली. सगळीकडे कौतुक झालं. ऑक्टोबरात सिंगापूरविरुद्ध बाहेर १-१ आणि मग मडगावात १-२ असा पराभव. आशियाई चषकाची पात्रता तिथेच हुकली. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशनेही १-० हरवलं. राष्ट्रीय संघाच्या कोचला निवडीचं स्वातंत्र्य सर्वांत जास्त, पण खेळाडू हाताशी असतात ते एकावेळी आठ-दहा दिवस. घट्ट बचावाने बरोबरी मिळते. जिंकावंच लागतं अशा रात्री समोरच्याची बंद फळी उघडावी लागते, आणि ते काम आठ दिवसांत बसत नाही. मडगावच्या त्या रात्री भारताने गोल आधी केला होता. पुढचा एक सापडला नाही.

तेव्हा यंदा आपल्या कॉलेजचा सामना बघायला गेलात तर गुणफलकाबरोबर आणखी काही गोष्टी बघा. आपला पास चुकला की पहिल्या पाच सेकंदांत किती मुलं मागे वळतात. चेंडू पलीकडच्या बाजूला असताना अलीकडचा बॅक रेषेवर एकटा उभा आहे की आत सरकलाय. कॉर्नर मिळाल्यावर मुलं एकमेकांकडे बघतात की थेट आपापल्या जागी धावतात. गोल खाल्ल्यावर गोलकीपर बॅककडे हात करतो की ओळ पुन्हा लावून घेतो. आणि बाकावर किती पहिल्या वर्षाची मुलं बसली आहेत, त्यांतल्या कुणाला निकाल अजून लागायचा असताना आत पाठवलं जातं. तिसऱ्या वर्षाची मुलं मार्चमध्ये जाणार आहेत. नव्या सरांचा संघ कोणता, हे पुढच्या जुलैत, तोच चिखल आणि तीच निवड चाचणी असताना, या मुलांपैकी कितीजण न सांगता बॅकच्या जागेवर जाऊन उभे राहतात त्यावरून कळेल.